टिटवीचे पाच चेंडू

गोष्ट एका जंगलात सुरू करायची रीत आहे. पण बाळांनो, या गोष्टीतलं जंगल कधीच वाळून गेलं होतं. उरली होती वाळू. त्या वाळूत एक शहर होतं. शहरात एक तळं, एक कॉलेज आणि एक उंटराजा.

कॉलेजला छप्पर नव्हतं. मुलं डोक्यावर पाटी धरून शिकायची. एकदा राजा शेजारच्या राज्यात लग्नाला गेला आणि तिथल्या कॉलेजचं बेसबॉलचं स्टेडियम बघून आला. तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

"आपल्याला पण पाहिजे," तो म्हणाला.

"बेसबॉल म्हणजे काय, महाराज?" प्रधानानं विचारलं.

"एक जण चेंडू टाकतो, दुसरा दांडक्यानं मारतो. आणि खाली हिरवंगार गवत असतं. गवत महत्त्वाचं."

झालं! स्टेडियम उभं राहिलं. गवत आलं. गवत जगलं पाहिजे म्हणून अख्खं तळं पाइपातून गवताला गेलं.

स्टेडियमच्या भिंतीबाहेर साळू नावाची टिटवी राहायची. पहिलटकरीण होती बिचारी. उघड्या जमिनीवर खडे मांडून तिनं चार अंडी घातली होती. टिटव्यांची एक रीत असते. ऊन तापलं की तळ्यावर जायचं, पोट भिजवायचं आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसायचं. नाहीतर अंडी आतल्या आत शिजून जातात.

त्या दिवशी साळू तळ्यावर गेली, तर तिथे चिखलसुद्धा नव्हता. तशीच परत आली आणि एकेका अंड्याला गाल लावून बघू लागली.

"अहो, हे तिसरं जास्त तापलंय का हो?"

"सकाळपासून सोळा वेळा विचारलंस," नवरा म्हणाला. "मी सावली धरतो. तू कुठूनतरी पाणी बघ."

स्टेडियमच्या दारावर सरडा कारकून मान हलवत बसला होता.

"सरडेभाऊ, गवतात नुसतं पोट टेकवून येते. एकदाच."

"खेळाडू आहेस?"

"नाही."

"गवत आहेस?"

"नाही हो!"

"मग पाणी कशाचं? पाय वर करून आभाळ पेलणारी तुमची जात म्हणे, आणि चार अंडी पेलवत नाहीत होय गं?"

साळू डोळे पुसत परत फिरली.

आता गंमत ऐका. त्याच दुपारी मॅच होती. कॉलेजच्या एका उंटानं डोळे मिटून दांडकं फिरवलं आणि चुकून चेंडूला लागलं! चेंडू उडाला, भिंतीवरून गेला, मातीत घरंगळला आणि थेट साळूच्या अंड्यांशेजारी येऊन बसला.

घटकाभरात सरडा धापा टाकत आला. "महाराजांचा हुकूम! कॉलेजचा पहिला होम रन! चेंडू पडलाय तिथून हलवायचा नाही. इथे गवत लावायचं, वर मांडव घालायचा, दिवसातून तीनदा पाणी मारायचं." मग तो वाकला. त्याची बसायची जागा दाराबाहेर, त्यामुळे चेंडू त्यानं जन्मात जवळून पाहिला नव्हता. "इथे तर पाच आहेत! यातला चेंडू कुठला?"

'चार माझी लेकरं आहेत,' साळूच्या अगदी जिभेवर आलं. मग तिला आठवलं, लेकरांना पाणी नाही.

"पाचही चेंडूच आहेत, भाऊ," ती म्हणाली. मनात म्हणाली, पोरांनो, ऐकू नका रे.

"एका फटक्यात पाच!" सरड्यानं मान हलवत लिहून घेतलं.

पाणी आलं. मांडव आला. कॉलेजची मुलंही पाट्या घेऊन मांडवात येऊन बसली, कारण शहरात दुसरी सावली नव्हती. साळू दिवसातून तीनदा पोट भिजवायची आणि पाचही चेंडूंवर बसायची.

एके सकाळी कवचं तडकली. पिल्लं बाहेर आली आणि लगेच तुरुतुरु पळालीसुद्धा. तेवढ्यात सरडा मोजणीला आला.

"चार चेंडू कुठे गेले?"

साळूनं पिल्लांकडे पाहिलंच नाही. "भाऊ, चेंडू हद्दीबाहेर गेला की तुम्ही काय म्हणता?"

"होम रन."

"मग तेच झालं. चार."

सरडा नाचतच राजाकडे गेला. कोणी दांडकंही न उचलता चार होम रन! राजानं नगारे वाजवले आणि तिथल्या तिथे दुसऱ्या स्टेडियमचा नारळ फोडला.

"चला, आता इथून निघायचं," टिटवा म्हणाला.

साळू मात्र हलेना. पाचव्यावर ओलं पोट टेकवून बसून राहिली.

"अहो, हा अजून फुटला नाही. एवढ्या उन्हात कसा सोडू?"

तात्पर्य : मोठेपणी कोण व्हायचं ते मुलांनी सावकाश ठरवावं. जन्माला येईपर्यंत मात्र चेंडूच असावं.