पैलवानाची सुटका

मटण सोडायला लोकांना वर्षं लागतात. मी एका जेवणात सोडलं! तेही जेवण अर्धं झालेलं असताना!

झालं असं, की रविवारी दुपारी आमच्या काटेवाडीच्या घरी मटण शिजलं होतं. बायको जयवंता वाढत होती आणि मी कपाळाचा घाम पुसत नळी फुंकत होतो. समोर लेक निकिता. ती बारामतीला कॉलेजात शिकते. शिकते म्हणजे काय, तर घरी येऊन प्रश्न विचारते.

"तात्या," ती म्हणाली, "आपली म्हैस आजारी पडली तवा तुमी जेवला न्हाय. मग बोकडानं तुमचं काय घोडं मारलंय?"

नळी तोंडातच राहिली. उत्तर सुचेना. आणि उत्तर सुचलं नाही की मी निर्णय घेतो, हा माझा जुना स्वभाव. ताट सरकवलं आणि जाहीर केलं, "आजपासनं बंद! मुका जीव आपल्याला खायचा न्हाय!"

जयवंताच्या हातातली पळी हवेतच राहिली. निकितानं मात्र माझ्या ताटातल्या मटणाच्या फोडी शांतपणे उचलून स्वतःच्या ताटात घेतल्या.

"अगं, तू खातीस?"

"मी नुसतं इचारलं, तात्या. सोडते असं कुठं म्हणलं?"

असो. मी सोडलं ते सोडलं. वर लोकांनाही सोडायला सांगू लागलो. चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत, कुणाच्या सावडायला गेलो तर तिथंसुद्धा! हा महिपतीतात्या दिसला की लोक उसाच्या सरीतून पळायला लागले. पण मला वाटायचं, बोलण्यानं काय होतंय? एखादा तरी जीव हातानं वाचवला पाहिजे!

आणि शुक्रवारी मेहुण्याचा फोन आला.

मेहुणा म्हणजे जयवंताचा धाकटा भाऊ, आबासाहेब. सांगवीला असतो. ऊस आहे, पण सगळा जीव शेळ्यांत. त्यातही पैलवानात. पैलवान म्हणजे त्याचा बोकड. बोकड कसला, वासराला दाढी फुटल्यासारखं धूड! जन्मतःच आई गेली म्हणून आबासाहेबानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

"दाजी," आबासाहेब फोनवर ओरडला, "रविवारी पैलवानाचा कार्यक्रम हाय! तुमी पायजेच!"

कार्यक्रम! आता आमच्याकडं कुणाचा 'कार्यक्रम' करायचा म्हणजे त्याला पुरता संपवायचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

"आबा, काळीज हाय का दगूड हाय तुला? बाटलीनं पाजलास त्याला!"

"म्हणून तर! एवढं खाऊपिऊ घातलं, त्याचं चीज नको व्हायला? समदं गाव येणार हाय!"

समदं गाव! मी फोनच ठेवून दिला. गावजेवण घालतोय लेकाचा!

शनिवारी दुपारी मी भाजीपाल्याची गाडी काढली आणि सांगवी गाठली. आबासाहेब रानात गेला होता. अंगणात सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, पैलवानाला शांपू लावून आंघोळ घालत होत्या. शिंगांना तेल, गळ्यात झेंडूची माळ. माझ्या देखत त्यांनी त्याच्या कपाळावर कुंकू लावलं. मला भडभडून आलं.

"मामी, ह्येला न्यायला आलोय," मी कसाबसा म्हणालो.

"व्हय का? आबा म्हणत व्हता, गाडी येणार हाय म्हणून. मला वाटलं उद्या सकाळी येतीया. न्या की!" मग त्यांनी पैलवानाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "जा रं माझ्या राजा. भिऊ नगं. नाव काढ आमचं!"

नाव काढ! कसायाकडं पाठवताना कुणी असं म्हणतं का हो? मी डोळे पुसले, पैलवानाला गाडीत चढवला आणि बारामतीतून अशी गाडी पळवली, की जणू मागून कुणी पाठलागच करतंय!

घरी आल्यावर कळलं, की जीव वाचवणं सोपं असतं, वाचवलेला जीव सांभाळणं अवघड. पहिल्यांदा आला वास. वयात आलेल्या बोकडाचा वास म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्यानं सुखात राहावं. मग पैलवानानं माझ्या मांडीत एक धडक दिली. मग जयवंताचा वाळत घातलेला परकर अर्धा खाल्ला.

"अवो, ह्यो आबाचा पैलवान न्हवं? कशाला आणलाय?" जयवंता नाकाला पदर लावून ओरडली.

"जीव वाचवलाय!"

"मग कापायचा कधी?"

"कापायचा न्हाय! ह्यो आता हितंच ऱ्हाणार!"

ती वांगी चिरायला निघून गेली. मी पैलवानाला गोठ्यामागं बांधला. भेदरला असेल बिचारा, म्हणून म्हशीसाठी भिजवलेला धान्याचा भरडा घमेलं भरून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चाटूनपुसून खाल्ला. मी दुसरं घमेलं भरलं. "खा बाळा," म्हणालो, "आता तुला कुणाचं भ्या न्हाय."

तेवढ्यात शेजारची रंगूबाई पातेलं घेऊन हजर!

"भावजी, बोकड आणला म्हणं. आमचा वाटा ठेवा."

"वाटाबिटा काय न्हाय, रंगूबाई. मी मटण सोडलंय."

"तर! तुमी सोडलंय, मग तुमचा वाटापण मलाच द्या!"

तिच्यामागं आणखी चारजण डबे घेऊन उभे होते. ज्यांनी इतके दिवस माझं बोलणं ऐकून वाट बदलली, ते आज स्वतःच्या पायांनी अंगणात आले होते! मी त्यांना मुक्या जिवांबद्दल सांगायला लागलो, आणि नेमका आबासाहेबाचा फोन आला.

"दाजी, पैलवान तुमच्याकडं हाय व्हय?"

मी आवाज शक्य तेवढा शांत ठेवला. "आबा, त्याची काळजी सोड आता. त्याची सुटका झाली."

"आं?"

"काय तरास झाला न्हाय त्याला. वरडलासुदीक न्हाय."

आणि मागून रंगूबाई ओरडली, "काळजाचा तुकडा मला! मऊ असतोय!"

पलीकडून असा आवाज आला, की वाटलं, ट्रॅक्टरचा टायर फुटला असावा. मग फोन बंद.

थोड्याच वेळात आबासाहेबाची मोटरसायकल अंगणात येऊन आडवी झाली. त्यानं डबे घेतलेली माणसं पाहिली. कांदा-खोबरं भाजल्याचा वास घेतला. तसाच तो चपलांसकट स्वयंपाकघरात घुसला, चुलीवरच्या पातेल्यासमोर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"पैलवाना! माझ्या हातनं बाटली पीत व्हतास रं!"

"आबा," जयवंता घाबरून म्हणाली, "वांगी हायत रं त्यात!"

त्यानं झाकण उघडून पाहिलं. खरंच वांगी होती. तरी त्याचं रडं थांबेना.

मला राग आला. "एवढा पुळका व्हता तर कापायला कशाला काढलास?"

"कुणी काढला?"

"तूच म्हणलास, रविवारी कार्यक्रम हाय!"

"अवो दाजी, इंदापूरला परदर्शन हाय जनावरांचं! पैलवान बोकडांच्या स्पर्धेत हाय!"

मी जयवंताकडं पाहिलं, जयवंतानं निकिताकडं पाहिलं, आणि निकितानं तोंडात ओढणी कोंबली. आंघोळ, तेल, कुंकू, नाव काढ! सगळं डोक्यात गरगर फिरलं. एवढ्यात गोठ्यामागून विचित्र कण्हणं ऐकू आलं.

पळत गेलो. पैलवान चारी पाय पसरून उभा होता आणि त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं!

"काय घातलं त्याला?" आबासाहेब किंचाळला.

"भरडा. मायेनं घातला रं..."

"किती?"

मी घमेल्याकडं बोट केलं. मग म्हशीकडं. तिची गव्हाण रिकामी होती.

निकितानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर निघाले, पण पोचेपर्यंत गोडंतेल पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवा, पोट चोळा, म्हणाले. आम्ही पैलवानाचे पुढचे पाय ओट्यावर ठेवले. आबासाहेब पोट चोळत होता आणि त्याच्या कानात बोलत होता, "ए राजा, असं करू नगं. उद्या न्हाय गेलो तरी चालतंय. तू फकस्त ऊठ." मी तेलाची बाटली धरून उभा. घोट घोट पाजत होतो. जो माणूस दर आठवड्याला मटण खातो तो बोकडासाठी रडत होता, आणि ज्यानं मटण सोडलं त्यानं बोकडाला मरणाच्या दारात नेऊन ठेवला होता! कुणाची बाजू बरोबर, मला काही केल्या कळेना. पैलवानाच्या डोळ्यांत बघितलं. तिथंही काही लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर आले, त्यांनी नळी घातली, औषध पाजलं. बऱ्याच वेळानं पैलवानानं मान ताणली आणि सगळ्या काटेवाडीला ऐकू जाईल असा ढेकर दिला! आबासाहेबानं त्याच्या गळ्याला मिठी मारली. रंगूबाईनंही डोळे पुसले. मग पातेलं घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पैलवान इंदापूरला गेला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "जनावर देखणं हाय, पण पोट जरा सुटलंय." आबासाहेबानं माझ्याकडं बोट केलं.

तरी संध्याकाळी सांगवीत जेवण ठेवलं त्यानं, पैलवानाच्या बक्षिसाचं. सगळं गाव आलं. पैलवान गळ्यात माळ घालून अंगणात बांधलेला, आणि त्याच्यासमोर पंगतीत मटण! दुसरा बोकड कापला होता.

मी आबासाहेबाशेजारी बसलो. धोंडाबाईंनी त्याच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवली.

"का रं? तुला मटण न्हाय?"

"काल तुमच्या पातेल्यापुढं बसलो, दाजी, तवापासनं घशाखाली उतरंना."

"मग ह्यो कापला कशाला?"

"लोकांना काय पिठलं घालू? आन् ह्यो इकत आणल्याला. वळखीचा न्हाय."

समोर बसलेली निकिता भाकरी मोडता मोडता थांबली. "म्हंजे मामा, वळख नसली की चालतंय?"

आबासाहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी पिठल्याकडं पाहिलं. तेवढ्यात धोंडाबाई कडाडल्या, "जावईबापू, तुमीबी पिठल्याचंच का? मग आदी सांगायचं न्हाय व्हय! मी एकापुरतंच केलंय!"

आम्ही अर्धं अर्धं वाटून घेतलं. पण दिवसभर इंदापूरच्या उन्हात उभं राहिलेल्या माणसाला अर्ध्या पिठल्यात काय होणार? दुसरी भाकरी कोरडीच राहिली. म्हणून मी रस्सा घेतला. नुसता रस्सा! आबासाहेबानंही घेतला. नुसताच.

कुणाच्या वाटीत फोड आली होती, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.