बॉस्टनची टाकी अल मवालेहला फुटली

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दयानंद साळवींनी एसी बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, खिडकी घट्ट लावली, आणि मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या एका खोलीत सगळा जुलै महिना शिरला. घामाची त्यांना सवय होती. एसी चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये अमेरिकेऐवजी नुसती घरघर ऐकू येते, असं त्यांच्या लेकीने एकदा सांगितलं होतं. त्यांच्या गोष्टींवर आजवर आलेला तो एकमेव अभिप्राय होता, म्हणून ते तो काटेकोरपणे पाळत.

दयानंद मूळचे देवरुखचे. अल मवालेहच्या भाजीबाजारामागे खजुराचा पाक बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे ते एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्या पाकाला ते काकवी म्हणत. त्यांचं ऐकून ओळखीचे सगळेच मराठी लोक काकवी म्हणू लागले होते. बायको वसुंधरा गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला ओहायोला गेली, ती अजून तिथेच होती. नातू आता उभा राहून टेबलावरच्या वस्तू पाडत होता, आणि त्या उचलायला घरात कुणीतरी लागतच होतं.

फोनवर "जेवलात का" आणि "हवा कशी आहे" एवढं झालं की बोलणं संपायचं. आपल्याकडे काहीतरी विषय असावा म्हणून दयानंदांनी अमेरिकेचा इतिहास वाचायला घेतला. राष्ट्राध्यक्ष आणि लढाया सगळ्यांनाच ठाऊक असतात. ते भलतंच काहीतरी शोधून काढत. एका डुकराने बटाटे खाल्ले म्हणून अमेरिका आणि इंग्लंड एकमेकांवर तोफा रोखून बसले होते. टेक्सासमधल्या सैन्यात एकेकाळी उंट होते. सॅन फ्रान्सिस्कोत एका कफल्लक माणसाने स्वतःला अमेरिकेचा सम्राट जाहीर केलं, आणि शहराने वीस वर्षं त्याचं मन राखलं. ही शेवटची गोष्ट त्यांना फार आवडायची.

"बाबा, मला इथलं आत्ताचं आहे तेच झेपत नाहीये," असं लेक उर्वी म्हणाली, तेव्हा त्यांनी सर्वसामान्य श्रोत्यांसाठी व्हॉट्सॲपवर 'अमेरिकेच्या अनोळखी गोष्टी' नावाचा ग्रुप काढला. त्रेचाळीस माणसं त्यांनी स्वतःच घातली. दर शुक्रवारी ते तीन भागांत गोष्ट पाठवत आणि मग ती कुणी कुणी ऐकली हे बघत बसत. बहुधा एकाने ऐकलेली असे. तो गुहागरचा इलेक्ट्रिशियन जयप्रकाश, आणि त्याचंही बोट चुकून लागलं होतं, असं त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या दिवशीची गोष्ट होती बॉस्टनची. पहिल्या भागात त्यांनी साल सांगितलं, एकोणीसशे एकोणीस. गावाचं, बंदराचं वर्णन केलं. तो भाग नीट आपल्या ग्रुपवर गेला. दुसरा भाग बोलेपर्यंत बनियन भिजून गेलं होतं, श्वास लागला होता, आणि चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी तो काढून ठेवला होता. तशातच त्यांनी यादीतल्या 'अ'वर बोट टेकवलं. तो 'अ' अमेरिकेचा नव्हता, 'अखिल रत्नागिरीकर, मस्कत'चा होता. त्या ग्रुपवर दोनशे बारा माणसं होती.

त्या दोनशे बारा माणसांनी ऐकलं ते असं: "दुपारी साडेबाराच्या सुमाराला टाकी फुटली हो! पन्नास फूट उंच टाकी, आत काकवी! पंचवीस फुटांचा लोंढा रस्त्यावर आला. माणसं, घोडे, गाड्या, सगळं त्यात चिकटून बसलं. सुटायला धडपडावं तर आणखी रुततोय! एकवीस माणसं गेली. आणि कंपनीला हे आधी ठाऊक होतं! टाकी गळत होती, तर मालकांनी तिला तपकिरी रंग फासला, गळती दिसू नये म्हणून! आणि तेवढ्यात... मागून आवाज आला..."

इथे दयानंदांनी उत्कंठा वाढावी म्हणून भाग तोडला होता. तिसरा भाग सांगण्याआधी अंगातलं त्राणच गेलं. त्यांनी फोन बंद करून चार्जिंगला लावला, एसी अठरावर ठेवला आणि ते गाढ झोपले.

पहिल्यांदा ऐकलं ते हुसैनमियाँनी. दाभोळचे हुसैनमियाँ रुवीत तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवत होते. त्यांनी लगेच दयानंदांना फोन लावला. फोन बंद. त्यांनी जयप्रकाशला लावला.

"अरे, दयानंदाच्या कंपनीत टाकी फुटली! तोच सांगतोय, धापा टाकतोय बिचारा!"

"पण ते साडेबारा म्हणतायत. आत्ता पावणेअकराच वाजलेत."

"रातचे साडेबारा असतील."

"दुपारी म्हणालेत."

"मग कालचे! माणूस मरनाच्या दारात हाय, तो काय घड्याल बघून बोलल?"

"आणि घोडे कुठनं आले?"

"अर्बाबचे असतील," हुसैनमियाँ म्हणाले.

मालकाचे घोडे असू शकतात हे जयप्रकाशला पटलं, आणि मग काहीच अडलं नाही. साडेअकराला ग्रुपवर कुणीतरी दयानंदांचा जुना फोटो टाकला. गणेशोत्सवात प्रसादाचं पातेलं धरून उभे असलेले, अर्धे डोळे मिटलेले. बाराच्या आत त्यावर चौऱ्याण्णव श्रद्धांजल्या आल्या. एकाने ती बातमी देवरुखला पाठवली. देवरुखहून दयानंदांच्या भावजयीने, ओहायोत पहाटेचे चार वाजलेत याचा विचार न करता, वसुंधराला फोन केला. आणि जुम्याची नमाज झाल्याबरोबर हुसैनमियाँनी नुमान नावाच्या ड्रायव्हरला त्याच्या ट्रकसकट उचललं, फावडी घेतली आणि आठ माणसं अल मवालेहकडे निघाली.

तिथे कंपनीला कुलूप होतं आणि टाकी जागच्या जागी उभी होती. ती पन्नास नव्हे, बारा फूट होती. पण कुणीतरी आधीच कळवलं होतं, त्यामुळे हे लोक पोचेपर्यंत आगीचा बंब, पोलिसांची गाडी आणि मालक अहमद, असे तिघंही येऊन थांबले होते.

पावणेदोनला दयानंदांचा दरवाजा धडाधड वाजला. त्यांनी लुंगी सावरत उघडला, तर समोर अल मवालेहहून परतलेले हुसैनमियाँ.

"मेल्या, तू जिता हायस!" असं म्हणून हुसैनमियाँनी त्यांना मिठी मारली, आणि लगेच सोडून दंडाला धरून गदागदा हलवलं. "जिता हायस, मग फोन का बंद ठेवलास?"

"झोपलो होतो. काय झालं?"

"तू मेलास!"

नुमानच्या ट्रकमध्ये, फावड्यांच्या शेजारी बसून, दयानंदांनी फोन सुरू केला. सगळं कळायला दोन मिनिटं लागली. मग ते श्रद्धांजल्या वाचू लागले. 'एक हरहुन्नरी इतिहासकार हरपला.' 'दयानंदभाऊंच्या गोष्टी मी न चुकता ऐकायचो.' 'त्यांच्या आवाजात जादू होती.' 'शुक्रवार आता सुना सुना वाटेल.' ही चारही माणसं त्यांच्या ग्रुपवर होती, आणि त्यांतल्या एकानेही आजवर एकही गोष्ट उघडलेली नव्हती, हे दयानंदांना तारीखवार ठाऊक होतं. तरी त्यांनी चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव वाचल्या. काही दोनदा वाचल्या.

"रडू नको," हुसैनमियाँ म्हणाले.

"एसीचा वारा लागतोय डोळ्यांना."

ट्रकचा एसी गेल्या रमजानपासून बंद होता.

कंपनीच्या फाटकात अहमद उभा होता. पस्तिशीचा, एरवी शांत माणूस, पण आज त्याचा आवाज चढला होता. "दयानंद! मेरा टंकी किधर टूटा? मैंने कलर क्यों किया, बोलो पुलिस को! और घोडा? मेरे पास एक बकरी भी नहीं!"

"अर्बाब, वो बॉस्टन का टंकी है. अमेरिका. उन्नीस सौ उन्नीस."

पोलीस अधिकाऱ्याने वहीतून मान वर केली. अफवा पसरवणं हा इथे गुन्हा होता. व्हिसा जाऊ शकतो, एकोणीस वर्षं एका सहीत संपू शकतात, हे दयानंदांना माहीत होतं. आणि परत जायचं तर देवरुखच्या घराला कुलूप, बायको ओहायोत. जायचं तरी कुणाकडे?

"पूरा बोलो," अधिकारी म्हणाला. "शुरू से."

मग त्या तापलेल्या आवारात, टाकीच्या बोटभर सावलीत, दयानंदांनी गोष्ट सांगितली. हिंदी संपली की अरबी, अरबी संपली की हात. बंबवाले ऐकत होते, आठ रत्नागिरीकर ऐकत होते, शेजारच्या कांद्याच्या गोदामातले हमाल येऊन उभे राहिले. लोंढा आला तेव्हा एक हमाल मागे सरकला. एकवीस माणसं म्हटल्यावर कुणीतरी हळूच दुआ म्हटली. शंभर वर्षं होऊन गेली होती, पण त्या माणसांसाठी आज अल मवालेहमध्ये कुणीतरी मान खाली घातली. "कंपनीवर खटला झाला. कंपनी हरली," असं म्हणून त्यांनी संपवलं.

"खलास?" अधिकाऱ्याने विचारलं.

त्याला खूश करावं म्हणून दयानंदांनी आपला हुकमी एक्का काढला. अठराशे चाळीस साली ओमानच्या सुलतानाचं जहाज न्यूयॉर्कला गेलं होतं, खजूर आणि कॉफी घेऊन, ही कुणालाही माहीत नसलेली गोष्ट त्यांनी सुरू केली.

"ये तो मेरा छोटा लडका भी जानता है," अधिकारी म्हणाला.

पण म्हणताना हसला. त्याने एका कागदावर सही घेतली: पुन्हा टाकी फोडायची झाल्यास देश आणि साल आधी सांगीन, अशा अर्थाची. अहमदने "यल्ला, घर जाओ," म्हणून पाठीवर थाप मारली. ती प्रेमाची म्हणावी त्यापेक्षा जरा जोरात होती.

परतीच्या वाटेवर वसुंधराचा फोन आला.

"अहो?"

"हो."

मागे नातू काहीतरी आपटत होता.

"आहात ना?" तिने विचारलं.

"आहे."

"जेवलात का?"

"अजून नाही."

"मग आधी जेवा," असं म्हणून ती रडायला लागली, आणि फोन उर्वीने घेऊन बंद केला.

संध्याकाळपर्यंत त्यांना अखिल रत्नागिरीकरांतून काढून टाकण्यात आलं होतं. ज्यांना शुक्रवार सुना वाटणार होता ते चौघं त्यांच्या ग्रुपमधूनही निघून गेले. पाठोपाठ आणखी तीस गेले. पुढचे सहा दिवस फोन वाजला नाही. दयानंद कामावर जात, डबे मोजत, आणि परत येऊन एसीची घरघर ऐकत.

पुढच्या शुक्रवारी नमाजेनंतर दार वाजलं. हुसैनमियाँ, नुमान, जयप्रकाश आणि मागे आणखी सातआठ जण. "फोनवर काय भरवसा नाय तुझा," हुसैनमियाँ आत येत म्हणाले. "तोंडानंच सांग."

दयानंदांना काय करू नि काय नको झालं. सगळ्यांना गादीवर, खाटेवर, उलट्या बादलीवर बसवलं. चहा टाकला. एसी चालूच ठेवला. घसा खाकरून ते म्हणाले, "तर सॅन फ्रान्सिस्को नावाचं एक बंदर आहे..."

"बंदरावरनं आठवला," हुसैनमियाँ म्हणाले. आणि ते एकोणीसशे त्र्याण्णवला मस्कतमध्ये उतरले तेव्हा त्यांना घ्यायला येणारा माणूस कसा आलाच नाही, आणि ते शिवणयंत्राच्या पेटीवर दोन दिवस कसे बसून राहिले, हे सांगू लागले. ते संपतंय तोवर नुमानने सलालाहच्या रस्त्यावर चारशे किलोमीटर एक शब्द न बोलता गाडी चालवली की आपलाच आवाज कसा परका वाटतो, ते सांगितलं. एरवी न बोलणारा जयप्रकाश म्हणाला, त्याची आई हल्ली फोनवर त्याला ओळखत नाही, वीजवाला समजते आणि मीटर दुरुस्त करायला कधी येणार म्हणून विचारते. तो दर आठवड्याला, उद्या येतो, म्हणून सांगतो. मग चौथा बोलू लागला, मग पाचवा. दयानंद मान हलवत होते, "मग?" म्हणत होते, चहा ओतत होते.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेची बांग झाली तशी मंडळी उठली. चपला शोधताना हुसैनमियाँनी दयानंदांचा हात हातात घेतला.

"काय गोष्ट सांगितलीस आज, दयानंदा! तीस वर्सांत अशी ऐकली नव्हती."

दयानंदांची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरापुढे गेलीच नव्हती.

"पुढल्या जुम्याला अशीच एक सांग," हुसैनमियाँ जिना उतरताना म्हणाले.

"सांगतो," दयानंद म्हणाले, आणि अकरा कप गोळा करायला आत गेले.