डॉक्टरांनी हेरलेली जागा

गादीवाल्यांच्या बायकोने सकाळी चहाबरोबर मोबाइलही पुढे सरकवला, तेव्हाच त्यांनी ओळखले की पडद्यावर साडू असणार. साडूच होता. तलावाकाठी हिरवा तंबू, तंबूसमोर दोन खुर्च्या, एकीत मेहुणी, दुसरीत तिचा नवरा म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि दोघांचेही सगळे दात बाहेर.

"पुन्हा राहून आले जंगलात," बायको म्हणाली. "जागा काय शोधून काढतात हो डॉक्टर! धाकटी म्हणते, एक डास चावला नाही."

"डास चावायला त्यांच्यात रक्त कुठंय?"

"जळा तुम्ही नुसते."

जळत तर ते होतेच. धाकटीचे लग्न झाल्यापासून जळत होते. डॉक्टरांनी वजन उतरवले, डॉक्टर भांडी घासतात, डॉक्टर बायकोचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलत नाहीत. हा शेवटचा गुण तर गादीवाल्यांना निव्वळ धंद्यातली सवय वाटे, कारण दवाखान्यात समोरच्याच्या तोंडात त्यांचाच हात असतो. गादीवाल्यांची मागणी फार नव्हती. एकदा, फक्त एकदा, बायकोने धाकट्या बहिणीच्या देखत म्हणावे, 'यांचं बरोबर होतं.'

"माणसानं पाठ कुठं टेकावी, हे आता दातवाला ठरवणार?" त्यांनी कप आदळला. "उभा जन्म लोकांना झोपवण्यात गेला माझा. येत्या शनिवारी आपणही जातोय त्यांच्याबरोबर. जागा कुणाला कळते ते दिसेलच."

त्यांनी डॉक्टरांच्या तंबूपेक्षा मोठा तंबू आणला. दुकानात गाद्यांच्या मधोमध तो उभा करून सराव केला. एका गिऱ्हाइकाने मच्छरदाणी समजून त्याचा भावही विचारला.

शनिवारी दुपारी चौघे टेकडीखालच्या रानात पोहोचले. गादीवाले खांद्यावरची पिशवी उतरवतात न उतरवतात तोच डॉक्टर एका भल्यामोठ्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे, नजर वर.

"हं," डॉक्टर म्हणाले. थोडे सरकले. पुन्हा म्हणाले, "हं."

गादीवाल्यांनी ताडले. हेरली याने जागा! गार सावली, सपाट जमीन, शेजारी ओढा. आता क्षणभर थांबलो तर या सावलीचे कौतुक पुढची दोन वर्षे चहाबरोबर येणार. ते धावत गेले आणि त्यांनी झाडाखाली पिशवी आपटली.

"ही जागा आमची!"

"साडूभाऊ, पण वर जरा..."

"पण बिण काही नाही. आधी पिशवी कुणाची पडली?"

गादीवाल्यांनी घाम गाळून तंबू उभा केला, दोन पावले मागे सरकले आणि बायकोला म्हणाले, "बघ." बायकोने बघितले, आणि नेमकी तेव्हाच वरची वाळकी फांदी कडाडून तंबूवर कोसळली. आत कोणी नव्हते म्हणून बरे. तंबूच्या दोन दांड्यांपैकी एक मधोमध मोडली.

"तेच सांगत होतो," डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले. दाढ काढण्याआधी ते याच आवाजात बोलत असावेत.

या मृदूपणानेच गादीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते फांदी ओढून काढत होते, पण एक डोळा साडूवर होता. डॉक्टर आता ओढ्याकाठच्या वाळूत उकिडवे बसले होते. वाळू मुठीत घेत होते, झुडपांत अडकलेला काडीकचरा न्याहाळत होते. हं. हं.

"उचल," गादीवाले बायकोच्या कानात म्हणाले.

"काय उचल?"

"आपला तंबू! ती बघ काय वाळू आहे! उंची गादी झक मारेल."

"अहो, पण त्यांना विचारा तरी..."

"विचारलं की ते घेतील!"

डॉक्टर हात झटकून उठेपर्यंत वाळूवर पिशवी पडलेली होती. गादीवाल्यांनी दोन्ही तळव्यांनी वाळू दाबून पाहिली. मऊ, तरी आधार देणारी. मोडक्या दांडीच्या जागी त्यांनी एक काटकी रोवली, तंबू अंमळ तिरका उभा राहिला, आणि ते आत जाऊन मनसोक्त पसरले. डॉक्टर बाहेरून काहीतरी वर टेकडीकडच्या ढगांविषयी आणि झुडपांतल्या कचऱ्याविषयी बोलत होते. गादीवाल्यांनी खोटेखोटे घोरून दाखवले.

थोड्या वेळाने त्यांची पाठ गार पडली. मग ओली झाली. वर कुठेतरी पाऊस पडला होता, आणि ओढा आपली जागा परत घ्यायला आला होता. ते कसेबसे बाहेर आले. तंबूचे कापड खुंट्यांसकट हाती लागले, पण उरलेली दांडी आणि एक बूट पुढच्या प्रवासाला निघून गेले. बायको एका दगडावर चपला हातात धरून उभी होती.

"कचरा त्या उंचीला अडकलाय, म्हणजे पाणी तिथवर चढतं," डॉक्टर म्हणाले. "तेच सांगत..."

"तुम्ही गप्प बसा!" हा आवाज मेहुणीचा होता, आणि तो डॉक्टरांवर चढला होता. गादीवाल्यांचे कान टवकारले. "दर वेळी तेच. उन्हात उभं राहून माझं डोकं दुखायला लागलंय. भावजींचा दोनदा तंबू लावून झाला, तुमची अजून पिशवी उघडली नाही! माणसाकडे कसा धडाका हवा. ताई नशीबवान आहे."

गादीवाल्यांच्या ओल्या पायापासून डोक्यापर्यंत गोड शहारा गेला. मेहुणी म्हणाली होती, तेही बहिणीच्या देखत. आता बायकोनेच म्हणायचे राहिले होते. या वेळी चूक करून चालणार नव्हते. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि ते एका पायात बूट घालून शांतपणे जागा पाहत निघाले.

झाडीतून एक रुंद, मोकळी पट्टी गेली होती. गवत छान दबलेले होते. गादीवाले थांबले. वर पाहिले, वाळकी फांदी नाही. झुडपे पाहिली, कचरा नाही. मग खाली वाकले. जमिनीत खुरांचे ठसे होते आणि पलीकडे ताजे शेण. ही तर गुरांची वाट!

"हं," गादीवाले म्हणाले.

मागून धप्पकन आवाज झाला. डॉक्टरांची पिशवी त्यांच्या पायाशी येऊन पडली होती. डॉक्टरांचे कान लाल झाले होते.

"ही जागा आमची!"

"अहो डॉक्टर, पण इथून..."

"पण बिण काही नाही! दर वेळी मी बघायची आणि तुम्ही घ्यायची काय?"

गादीवाले खरोखर सांगणार होते. तोंड उघडलेही होते. तेवढ्यात बायको म्हणाली, "बघितलंत? डॉक्टरांनी झटक्यात ठरवलं की नाही? शिका जरा. तुम्ही बसा हं हं करत."

गादीवाल्यांनी तोंड मिटले.

ते कापड खांद्यावर टाकून पलीकडच्या उघड्याबोडक्या उंचवट्यावर गेले. वर झाड नव्हते, पाणी खाली राहिले होते, ठसा एकही नव्हता. दांड्या नसल्यामुळे त्यांनी कापडाच्या कडा तेवढ्या खुंट्यांनी ठोकल्या आणि वाट पाहत बसले. ऊन कलले आणि गुरे घरी निघाली. मेहुणी आणि डॉक्टर बाजूला पळाले. डॉक्टरांचा नुकता उभा राहिलेला तंबू मात्र सबंध कळपाच्या पायांखालून गेला. मागून आलेल्या गुराख्याने विचारले, "रस्त्यात घर कुणी बांधलं हो?"

डॉक्टर चिंध्या घेऊन उंचवट्यावर आले. "तेच सांगत होतो," गादीवाले म्हणाले. आवाज त्यांनी शक्य तितका मृदू ठेवला.

डॉक्टरांच्या दांड्याही वाकल्या होत्या. शेवटी दोघी बहिणी कापडाखाली बसल्या, आणि बाहेर दोन बाजूंना दोघे साडू कापड उचलून धरून उभे राहिले. आतून बायकोचा आवाज आला. "काही म्हण, जागेचं यांचं बरोबर होतं."

गादीवाल्यांचे डोळे भरून आले.

"पण डॉक्टरांची बाजू बघ, कशी ताठ आहे," ती पुढे म्हणाली. "आमची आपली डोक्याला लागतेय."

गादीवाल्यांनी आपली बाजू वर केली.

"छे गं ताई, भावजींचीच उंच आहे. आमच्या ह्यांचा हात लगेच भरून येतो."

डॉक्टरांनी टाचा उचलल्या. गादीवाले दगडावर चढले. डॉक्टरांनी त्याहून मोठा दगड शोधला. मग सगळ्या खुंट्या एकदम उपटल्या आणि तंबू कापडाचा फुगा होऊन दोघांच्या डोक्यावर गेला. दोघी बहिणी उघड्या आभाळाखाली बसून वर बघत राहिल्या.

"कुणी ओढलं?" बायकोने विचारले.

"यांनी!" दोघेही म्हणाले.