गंजाचा भाव

मंडळी, यंदा मी बाजार ओळखला! होय, मीच. ज्याने इंग्रजी ज्ञानकोशाचे बारा खंड हप्त्यांवर घेतले आणि शेवटचा हप्ता फेडला त्याच महिन्यात मुलीने घरात इंटरनेट आणलं, तोच हा गृहस्थ. कोहका या आमच्या वस्तीतला एक प्लॉट मी "अजून जरा उतरेल" म्हणत सोडला आणि पुढे त्याच्याच शेजारचा तिप्पट भावाने घेतला. सोडलेल्या प्लॉटवर आता मारोतराव राहतात आणि रोज सकाळी कंपाउंडवरून मला रामराम घालतात. त्यांचा रामराम साधाच असतो. मला मात्र त्यात टोमणा ऐकू येतो. थोडक्यात, मी वस्तूला हात लावला की तिचा भाव पडतो.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. पोलादाच्या प्लांटच्या लायब्ररीत, नोकरीत जन्म गेल्यामुळे छापलेलं काहीही मी वाचतो. एका दुपारी भजी संपवून पुडीचा कागद वाचत होतो. त्यावर लिहिलं होतं की जुन्या विलायती सायकलींचे भाव चार-पाच वर्षांत आभाळाला भिडले आहेत. शौकीन लोक त्या हुडकत फिरतात, मोठ्या शहरांतली हॉटेलं त्या भिंतीवर टांगतात. अट एकच. सायकल जशी आहे तशीच हवी. मूळ रंग, मूळ सीट, मूळ घंटी, आणि गंजसुद्धा मूळ!

तेलकट कागद खाली केला तर समोर वऱ्हांड्यात सायकल उभी! माझे वडील गोंदियाला रेल्वेत गार्ड होते. देश सोडून निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून त्यांनी ती घेतली होती. पुढे सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून मी तिच्यावरच ड्युटीला गेलो आणि भागीरथा, म्हणजे आमची सौभाग्यवती, तिच्याच कॅरियरवर बसून पावर हाउसच्या बाजाराला गेली. आता तिच्यावर गंज असा मुरला होता, जसं लोणचं. घंटी वाजवली की म्हातारा खोकल्यासारखा आवाज यायचा.

मी रायपूरच्या एका संग्राहकाचा नंबर शोधला. राजदीप नाव. पहिल्यांदा त्याने "हॅलो" म्हटलं आणि मी घाबरून फोन ठेवला. दुसऱ्यांदा बोललो, फोटो पाठवले.

"अंकल, ये तो खजाना आहे!" तो ओरडला. "चाळीस हजार देतो. रविवारी येतो. तोपर्यंत एकच करा, काहीच करू नका! पुसायचं पण नाही. और घंटी संभालके, अशी घंटी आता मिळत नाही."

भागीरथाला मी सांगितलं नाही. आधी पैसे तिच्या हातावर ठेवायचे होते. चाळीस वर्षांच्या संसारात एकदा, फक्त एकदा, "यायले समजते हो!", म्हणजे यांना कळतं, हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओला कपडा घेऊन सायकलीकडे निघाली.

"खबरदार!" मी ओरडलो.

"अगो बाई! धूळ पुसून राहिली न मी!"

"राहू दे. अशीच छान दिसते."

"गंजकी सायकल तुमाले छान दिसते? आन् मी नवी साडी नेसली तं दिसत नाही!"

त्या दिवसापासून मी पहारा बसवला. म्हणजे स्वतःच बसलो. सायकलीवर चादर टाकायची, मधूनमधून उचलून गंज बघायचा, पुन्हा झाकायचं. पाळण्यातल्या बाळाकडेही मी इतक्या वेळा बघितलं नसेल! भागीरथा हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. शेवटी ती कंपाउंडपाशी गेली आणि मारोतरावांशी काय बोलली, ते मला फार उशिरा कळलं.

"भाऊ, आमच्या यायचं काही ठीक नाही. दिवसभर सायकलीपाशी बसून राहतात. ड्युटीची आठवण येऊन राहिली वाटते. एखाद्या दिवशी रडतीन!"

मारोतराव प्लांटच्या दुरुस्ती खात्यात होते. ज्या माणसाने आयुष्यभर गंजाशी लढाई केली, त्याला दुसरं काय सुचणार?

"पोलादाच्या गावात राहून गंजकी सायकल! वयनी, शेजारी असून मी पायलं नाही, हे माहं चुकलंच. तुम्ही फक्त भाऊले घराबाहेर काढा!"

शनिवारी सकाळी चादर उचलली. घंटी गायब! फक्त घंटी. मला वाटलं, तीच भजी खाल्लेला, तोच कागद वाचलेला कोणी चोर असणार! आरडाओरडा करावा तर बिंग फुटणार. मी भागीरथाला म्हणालो, "जरा पावर हाउसला जाऊन येतो."

"जा जा! आरामात या. बाहेरच चहा घ्या!"

चाळीस वर्षांत ही बाई मला बाहेर चहा घ्या म्हणाली नव्हती. पण संशय येण्याइतकी हुशारी माझ्यात असती तर तो प्लॉट सोडला असता का?

पावर हाउसची चार दुकानं पालथी घालून दुपारी सुखरामच्या जुन्या सायकलच्या दुकानात पोहोचलो. त्याने चकचकीत घंटी पुढे ठेवली.

"नई नहीं, पुरानी," मी म्हणालो.

"पुरानी?"

"जंग लगी हुई."

सुखरामने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तबियत बने हे न, बाबूजी?"

तरी त्याने कोपऱ्यातला डबा उपसला, आणि काय सांगू! अगदी आमच्यासारखीच घंटी! तोच गंज. डोक्यावर तसाच एक पोचा. देव असतो हो! अशा वेळी चेहरा मख्ख ठेवायचा असतो, हेही मी कुठेतरी वाचलेलं आहे. पण माझा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. सुखरामने ते एका नजरेत वाचलं आणि म्हणाला, "आठ सौ."

मी दिले! पाठ फिरवली तेव्हा तो शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगत होता, "अरे, जंग वाला माल फेंकबे झन!" म्हणजे, गंजका माल फेकू नकोस!

घंटी छातीशी धरून संध्याकाळी घरी आलो. अंगणात गर्दी. मध्ये काहीतरी पिवळं उभं होतं. प्लांटमध्ये क्रेनला मारतात तो पिवळा! नवी सीट, नवी घंटी, आणि कॅरियरवर फोमची गादी. बाजूला मारोतराव ब्रश घेऊन, आणि नव्या साडीत भागीरथा.

"कसं वाटते?" तिने विचारलं.

माझे डोळे भरून आले.

"पहा वयनी!" मारोतराव गहिवरले. "म्हटलं होतं न, भाऊले आनंदानं पाणी येईन! अर्धा दिवस घासली. पसाभर गंज निघाला, पसाभर!"

"कुठे आहे?"

"कोण?"

"गंज."

"फेकला न!"

राजदीपला "येऊ नको" सांगायचा धीर मला झाला नाही. रविवारी तो आला, अंगणात पाऊल टाकलं आणि पायरीवरच बसला. "अंकल, ये क्या कर दिया! चाळीस हजारची वस्तू होती!"

मारोतरावांनी हातातला चहा खाली ठेवला. भागीरथाने माझ्याकडे बघितलं, मी चपलांकडे.

"आता ही कोणी घेणार नाही," राजदीप म्हणाला. मग त्याचं लक्ष, निदान ही तरी दाखवावी म्हणून मी मुठीत धरलेल्या घंटीकडे गेलं. "पण ही घंटी ओरिजिनल आहे! पाचशे देतो."

भागीरथाने घंटी माझ्या हातातून घेतली, उलटी-सुलटी केली. "ही तं आपलीच होय! हा पोचा तुम्ही सेक्टर दोनच्या वळणावर मले घेऊन पडले, तवाचा!"

"हो न," मारोतराव म्हणाले. "शुक्रवारी मीच सुखरामले देली. नव्या घंटीत दहा रुपये कमी केले त्यानं!"

आठशे रुपयांचं मी तिथे बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

"घंटी इकायची नाही," भागीरथा राजदीपला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमाले हा भाव कुठं समजला?"

"भज्यांच्या कागदावर."

ती कंपाउंडपाशी गेली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यायले समजते हो! भाव बरोबर पायला होता यायनं. आमीच पेंट मारून घाण केली!"

मंडळी, चाळीस हजार गेले, पण वाक्य मिळालं! त्या संध्याकाळी ती फोमच्या गादीवर बसली, मारोतरावांनी मागून ढकललं आणि आम्ही कोहक्यात एक फेरी मारून आलो. न पडता.

उतरल्यावर मी मारोतरावांना सहज विचारलं, "या रंगावर गंज केव्हा चढेल हो?"

"माह्या पेंटवर? वीस वर्षं नाही! चढला तं नाव बदलून टाकीन!"

भाव तर वाढतच राहणार आहे. म्हणून मी आता लांब मुदतीची गुंतवणूक धरली आहे. रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना तांब्याभर पाणी चुकून सायकलीवर सांडतो. सकाळी भागीरथा ते पुसून काढते. काल तिचे गुडघे दुखत होते, म्हणून कपडा घेऊन सायकल मीच पुसली. अगदी स्पोकसुद्धा!

म्हटलं होतं ना, मी हात लावला की भाव पडतो.