चाक धरायला माणूस

दुःखात पडलेल्या माणसाला समाज एकटं सोडत नाही. हे सत्य मी पूर्वी नुसतं ऐकून होतो. बायको गेल्यापासून त्याचा लाभ घेतो आहे. घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने निघताना एकच वाक्य उच्चारलं, "काही लागलं तर सांगा." प्रमाण शंभर टक्के. (शेजारच्या अण्णांनी ते दोनदा उच्चारलं, कारण त्यांची चप्पल सापडत नव्हती.)

मला काही लागत नव्हतं, त्यामुळे समाजाची फार पंचाईत झाली होती. ती अडचण आमच्या गाडीने दूर केली.

ही गाडी सहा चाकांची. चिखलातून जाते, आणि तळ्यात घातली तर तरंगते. चाकंच पाणी मागे लोटून तिला पुढे नेतात. स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. उजवा ओढला की उजवीकडची तिन्ही चाकं थांबतात, डावीकडची रेटत राहतात आणि गाडी उजवीकडे वळते. आम्ही ती घेतली तेव्हाच जुनी होती. पुढे आम्हीही तिच्या बरोबरीला आलो.

ती चढावर खडखड करून अडू लागली, म्हणून मी सीटं काढली, खालच्या फळ्या काढल्या. चेन ज्या दातेरी चाकांवरून फिरते ती स्प्रॉकेटं झिजली होती. दाते मांजराच्या नखांसारखे वाकलेले. पण फक्त डावीकडचे. उजवीकडचे ठणठणीत.

मेहुण्याने पाहणी केली. तो पाणीपुरवठा खात्यात असल्यामुळे पाण्यात चालणाऱ्या वाहनांवर त्याचा अधिकार आपोआप पोचतो.

"दाजी, ताई डावीकडेच बसायची ना? मग वजन हो, दुसरं काय!"

बहिणीबद्दल इतक्या तांत्रिक भाषेत बोलायला मन घट्ट लागतं. कारण वेगळं होतं. तिला तळ्यात काठ आपल्या बाजूला हवा असायचा. पक्षी दिसतात, असं ती सांगायची. (तिला पोहता येत नव्हतं.) त्यामुळे इतकी वर्षं आम्ही काठाकाठाने, उजवीकडे वळत वळत, एकाच दिशेने फिरलो आणि सगळा भार डावीकडच्या दात्यांवर पडला. कधीतरी उलटं फिरलो असतो तर दाते सारखे झिजले असते. मी एकदा सुचवलंही होतं. तिने काठाकडे बोट दाखवलं.

मुलीने फोनवरून निर्णय दिला. "बाबा, रविवारी भंगारवाल्याला पाठवते. तोवर चालू झाली तर ठेवा, नाहीतर जाऊ द्या आता. तिच्याकडे बघत बसता नुसते."

मी कामाला लागलो. स्प्रॉकेट आणि चेन एकदम बदलावी लागते; झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर दाते तिला खातात. हा नियम अण्णांना समजावून सांगितला, तर त्यांनी लगेच माझ्यासाठी एक स्थळ सुचवलं. (बाई मनमिळाऊ आहेत म्हणे. दातांचा विषय निघाला नाही.)

स्प्रॉकेटं बसली. राहिली चेन. तिची दोन टोकं जवळ आणून कडी घालायची असते. आत टोकं धरायला दोन हात लागतात, बाहेर चाक किंचित फिरवून धरायला दोन. बाहेरचे हात बायकोचे असायचे. ती चाकाला पाठ टेकून बसायची आणि म्हणायची, "धरलंय. तुम्ही तुमचं बघा." माझं काय चुकतंय ते तिला न बघताच कळायचं आणि ती ते सांगायचीही.

मग मी समाजाला रीतसर कळवलं. लागतंय. अर्धा तास चाक धरायला एक माणूस लागतोय.

समाज तत्परतेने धावून आला. एकाची पाठ धरली होती. एकाकडे जावई येणार होते. एकाने 'दुःखातून सावरण्याचे सात उपाय' हा व्हिडिओ पाठवला. (सातांपैकी एकातही चाक नव्हतं.) अण्णा म्हणाले, "अरे, हक्काने सांगत जा रे! आपण काय परके आहोत?" आणि गेले. मेहुणा म्हणाला, "दाजी, पट्ट्याने बांधा की चाक. एकट्याला आरामात जमतं." बांधून दाखवायला तो थांबला नाही.

मी पट्ट्याने बांधलं. पट्टा सुटला, चाक फिरलं, आणि अंगठा चेनखाली आला. नख काळं पडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हेच मी म्हणत होते." मेहुणा म्हणाला, पट्टा हलका असणार.

उद्या रविवार. चेन आत लोंबते आहे, कडी माझ्या खिशात आहे.

आपणही हे वाचताना मनात म्हणाला असाल, बिचारा, याला काही लागलं तर सांगावं याने. आभारी आहे. लागतंय. चाक बाहेरून थोडं पुढे फिरवायचं आणि धरून बसायचं, एवढंच. सांत्वन करायची गरज नाही.

आपण अजून पत्ता विचारलेला नाही. (चप्पल सापडत नसेल.)