टेबलावर अडकलेली तार

आमच्या लोणावळ्याच्या तारमास्तर आप्पांना रस्त्यात "काय आप्पा, बरं आहे ना?" असं विचारलं, की उत्तर यायला थोडा वेळ लागे. मग ते गंभीरपणे सांगत, "तुमच्या आधी दोघांचे नमस्कार रांगेत होते."

आप्पांचा सिद्धांत एकच. "तारेत वेळ जात नाही हो, टेबलावर जातो!" वीज काय, डोळ्याचं पातं लवायच्या आत नागपूर गाठते. पण वाटेतल्या प्रत्येक हपिसात तार आधी पुरती उतरवून घ्यायची, गठ्ठ्यात तिची पाळी येऊ द्यायची, मग पुढे टकटकायची. लग्नसराईत पुण्याचा गठ्ठा केवढा, नागपूरचा मास्तर जेवायला कधी उठतो, सगळं बोटांवर धरून आप्पा सांगत, "दिवेलागणीला पोचेल." आणि पोचे! ज्योतिषाने लाजावं!

एकदा वलवणच्या हिरामावशी धापा टाकत आल्या. मुलगा भिवा कलकत्त्याला जहाजावर चढणार, आणि इकडे बाप अंथरुणाला खिळलेला.

"आप्पा, त्याला म्हनावं, जाऊ नगंस. बाप वाट बघतोय. आन् म्हैस यायलीय, रेडी झालीय, कपाळावर चांद हाय..."

"मावशी, एवढी लांब तार प्रत्येक टेबलावर बसून राहील. म्हैस मागं ठेवू."

"आन् त्याला म्हशीचं कळायचं कसं?"

"दोन तारा करू. 'चढू नको, घरी ये' ही पुढं पळेल. ती पुणं सोडेपर्यंत इथून म्हैस निघेल!"

पहिली तार मिळाली तेव्हा भिवा ट्रंक उचलून धक्क्यावर उभा होता. दुसरी आली तेव्हा जहाज त्याला न घेताच सुटलेलं होतं. भिवाला बाप भेटला, रेडीही भेटली. मी तर आप्पांना हातच जोडले.

"आप्पा, तुमचा हिशेब कधी चुकलाच नाही?"

"एक अजून चाललाय," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा मधू भांडून आसामात चहाच्या मळ्यावर गेला, हे गावाला ठाऊक होतं. आप्पांनी त्याला तार केली होती, हे मला तेव्हा कळलं. "राग नाही. ये." एवढीच. त्यालाही आता वर्षं झाली.

"उत्तर निघालंय त्याचं," आप्पा एकेक बोट मिटत म्हणाले. "पण वाटेत टेबलं फार. गुवाहाटी, मग कलकत्ता, नागपूर..."

 मी म्हणालो, "आप्पा, तिकडे पूरही येतात म्हणे. खांब पडत असतील."

"हो की!" आप्पांचा चेहरा उजळला. "ते धरायचं राहिलंच होतं."

आणि त्यांनी आणखी एक बोट मिटलं.