आप्पा गिट शिकायला येतात

"आज रविवार. हवा कोरडी. मागच्या खेपेस लिहिलेल्या ओळीत 'पाणी' या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ केली. चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही. कळावे."

हे पत्र नाही. ही एका वेलांटीच्या दुरुस्तीची नोंद आहे, आणि ती आप्पांनी कॉम्प्युटरवर एका बोटानं, चष्मा कपाळावर सरकवून, पाऊण तास खपून लिहिलेली आहे. माझ्या वर्गातली बाकीची मुलं अशा ठिकाणी "चूक दुरुस्त" एवढे दोन शब्द लिहून मोकळी होतात. आप्पांना ते पटत नाही. "मास्तर, बदल केलाय म्हंजे कारण सांगाय नको?" असं ते विचारतात. आणि कारण सांगायचं तर त्या दिवशीची हवा कशी होती हेही त्यांच्या मते सांगायलाच हवं.

मी एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर आहे आणि दर रविवारी बेळगावच्या खासबागेत, एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर, गिटचा वर्ग घेतो. पाच-सहा जणांनी मिळून एक सॉफ्टवेअर लिहायचं म्हटलं की कोणी काय बदललं, कधी बदललं आणि का बदललं याची नोंद ठेवावी लागते. ती ठेवतं ते गिट. चुकलं तर मागं जाता येतं, आणि दोघांनी वेगवेगळं केलेलं काम एकत्र करता येतं. वर्गात मी फळ्यावर फारसं काही लिहीत नाही. करायचं, मोडायचं, परत जोडायचं. पोहायला पुस्तक वाचून कोण शिकलंय, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतो.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला पवाय येत न्हाय. पर गिट शिकवा."

आप्पा निपाणीचे. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढरी टोपी आणि हातात पितळी डबा. पिढीजात तंबाखूची वखार, आता ती पुतण्या बघतो. वय सत्तरीच्या आसपास. पहिल्या दिवशी ते जिना चढून आले तेव्हा मला वाटलं, नातवाची फी भरायला आले असतील. त्यांनी चपला बाहेर काढून जोडीनं लावल्या, पिशवीतून जुना लॅपटॉप काढला आणि पहिल्या बाकावर बसले.

"प्रोग्रामिंग येतं का थोडं?" मी विचारलं.

"न्हाय. आनि ते शिकायचंबी न्हाय. निस्तं गिट."

"अहो, नुसतं गिट शिकून काय करणार?"

"तुमी शिकवा. काय करायचं ते मी बघतो."

त्या दिवसापासून त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. निपाणीहून बस पकडून यायचे आणि खालच्या बाजाराची गर्दी ओलांडून वर्गाच्या आधी जिन्यावर येऊन बसायचे. आप्पा जैन, सूर्य बुडाल्यावर अन्न घेत नाहीत. घरी पोचेपर्यंत अंधार होणार, म्हणून संध्याकाळी वर्ग ऐन रंगात आला की त्यांचा पितळी डबा उघडायचा. भाकरी, दही, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. मी दोन जणांचं काम एकत्र कसं करायचं ते सांगत असायचो आणि पहिल्या बाकावर दह्यात भाकरी कुस्करली जात असायची. "तुमी बोला. कान मोकळं हायत," असं म्हणून ते मला खूण करायचे.

गिटच्या इंग्रजी शब्दांशी त्यांचं जमेना, म्हणून त्यांनी स्वतःचे केले. बदलाची नोंद पक्की करणं म्हणजे 'शिक्का'. मूळ कामाला धक्का न लावता बाजूला वेगळी वाट काढून काम करायचं, त्याला आम्ही ब्रँच म्हणतो. आप्पा म्हणाले, "म्हंजे फाटा." महिन्याभरात अख्खा वर्ग फाटा म्हणू लागला. सांबऱ्याची ऋतुजा म्हणून एक हुशार मुलगी वर्गात होती. ती एका मुलाखतीत चुकून 'मी नवीन फाटा काढला' असं बोलून आली. नोकरी लागली तिला, तो भाग वेगळा.

सरावासाठी मी सगळ्यांना एक साधी फाइल करायला सांगितली होती. आप्पांनी निपाणी ते बेळगावच्या प्रवासाचं वर्णन लिहायला घेतलं. दर रविवारी त्यात भर पडायची. संकेश्वरला चहा चांगला मिळतो, शिक्का. तो आता पूर्वीसारखा राहिला नाही, शिक्का. हत्तरगीजवळ डावीकडं बसावं म्हणजे ऊन लागत नाही, शिक्का. पुढच्या आठवड्यात ही ओळ त्यांनी बदलली. कारणात लिहिलं होतं: "डावीकडे बसलो. ऊन लागले. ऊन कुठल्या बाजूला येते हे वेळेवर असते, हे लिहिताना ध्यानात आले नाही. क्षमस्व."

खरी गंमत आली ती तंट्याच्या दिवशी. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला की गिट थांबतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवून विचारतं, यातली कुठली ठेवू? हा प्रसंग मुद्दाम घडवून आणायचा आणि सोडवायचा, असा माझा धडा असतो. आप्पांची जोडी ऋतुजाशी लावली होती. चहात साखर आधी घालावी की नंतर, यावर दोघांनी एकच ओळ आपापल्या मतानं लिहिली. पडद्यावर तंटा उभा राहिला. आप्पांनी तो पाहिला आणि लगेच स्वतःची ओळ पुसून टाकली.

"आप्पा, नीट वाचा तरी आधी. तुमचं बरोबर असेल," ऋतुजा म्हणाली.

"असू दे गं. तुझंच ऱ्हाऊ दे."

मी त्यांना पुन्हा तंटा घालून दिला. पुन्हा त्यांनी स्वतःचीच ओळ पुसली. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. "दर वेळी समोरच्याचंच कसं बरोबर असेल? दोन्हींतलं चांगलं घेऊन तिसरी ओळ लिहिता येते, ते शिकायचंय."

आप्पांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "घरात मी आयुष्यभर माझीच ओळ ठेवली मास्तर. आता जरा उलटं करून बघूलालोय." मुलं हसली. ते मात्र हसले नाहीत, चष्मा पुसत बसले.

पुढं एकदा गिटला चुकीची आज्ञा देऊन त्यांनी प्रवासवर्णनाचा अर्धा भाग घालवला. ऋतुजा घाबरून मला बोलवायला आली. आप्पा शांत होते, पण त्यांनी डबा उघडला नव्हता. मी शेजारी बसलो, गिटच्या पोटातला जुना माग काढला आणि गेलेल्या ओळी एकेक करून पडद्यावर आणल्या. संकेश्वरचा चहा आला, हत्तरगीचं ऊन आलं.

"सगळंच येतंय माघारी?" त्यांनी विचारलं.

"शिक्का मारलेलं येतं. न मारलेलं गेलं की गेलं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी दही-भाकरी तशीच डब्यात परत गेली.

या सगळ्यात त्यांचा एक हट्ट मात्र कायम होता. दर रविवारी वर्ग सुटताना ते विचारायचे, "रिक्वेस्ट कवा शिकवनार?" दुसऱ्याच्या प्रकल्पात आपल्याला चूक दिसली, तर आपण ती स्वतःकडच्या प्रतीत दुरुस्त करतो आणि मालकाला विनंती पाठवतो, की बघा, पटलं तर घ्या. तिला रिक्वेस्ट म्हणतात. तो धडा शेवटी येतो. मी त्यांना सांगायचो, आधी पाया पक्का होऊ दे. ते म्हणायचे, "पाया झाला. आता भिंत घाला." माणसाला एवढी कसली घाई असावी हे मला कळत नव्हतं.

शेवटी तो रविवार आला. सरावासाठी मी एक नकली प्रकल्प तयार ठेवला होता. आप्पा म्हणाले, "मला नकली नको. माझ्याकडं खरा हाय."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून पत्ता टाइप केला. पडद्यावर एक खुला प्रकल्प उघडला. आपल्या सीमाभागातल्या मराठी शब्दांचा फोनवरचा कोश, शेजारी मराठीत आणि कानडीत अर्थ. कोणीही दुरुस्ती पाठवावी, असं वर लिहिलेलं. मालकिणीचं नाव पद्मजा.

"कोण या?" मी विचारलं.

"माझी ल्येक. जर्मनीत असतीया."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. पद्मजाची आई दोन वर्षांमागं गेली. तोवर फोन यायचा तो आईला. तासभर बोलणं व्हायचं, आप्पा पलीकडच्या खोलीतून ऐकायचे, आणि शेवटी आई म्हणायची, आप्पा बरे आहेत. आता फोन आप्पांना येतो. "जेवलीस का? व्हय. तुमी जेवला? व्हय. मग ठेवू? ठेव. झालं आमचं बोलणं. मला कवा पोरीसंगं बोलायची सवयच न्हवती ओ मास्तर."

एकदा त्यांनी तिचा कोश उघडून पाहिला आणि त्यात एक चूक दिसली. फोनवर त्यांनी ती सांगितली. ती हसून म्हणाली, "आप्पा, असं नाही चालत. रिक्वेस्ट पाठवा, बघते." ती थट्टेत म्हणाली होती. आप्पा लगेच पुढच्या रविवारी बस धरून बेळगावला आले.

चूक होती 'कडबू' या शब्दात. कोशात लिहिलं होतं: पुरण भरून तळलेला गोड पदार्थ. आप्पांनी 'तळलेला'च्या पुढं 'किंवा उकडलेला' असे दोन शब्द घातले. मी म्हणालो, आता कारण लिहा. त्यांनी लिहिलं. हवेबद्दल काही नव्हतं.

"तळलेले कडबू तुला तेलकट लागायचे. तुझ्यासाठी तुझी आई वेगळे उकडायची."

रिक्वेस्ट गेली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि बसला निघाले.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा जिन्यातच लॅपटॉप उघडून उभे होते. "ह्ये बघा. घेतलं न्हाय तिनं. माझं चुकलं काय?"

मी वाचलं. पद्मजानं खाली लिहिलं होतं: "आप्पा, उकडताना चाळणीत खाली आई कसलं पान अंथरायची? वास आठवतो, पान आठवत नाही. तेही घालून पाठवा."

"नाकारलेलं नाही," मी म्हणालो. "विचारलंय फक्त. तुम्ही उत्तर दिलंत की ती बदल घेईल आणि रिक्वेस्ट बंद होईल."

"बंद हुतीया?"

"हो. काम झालं की बंद."

आप्पा पायरीवर बसले. खाली बाजारात कोणी वांग्यांचा भाव सांगत होतं. "मी कवा सैपाकघरात गेलतो? चिकोडीला आक्का हाय माझी, तिला ठाऊक असंल. जाऊन विचारतो," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मास्तर, एका रिक्वेस्टीत एकच शब्द पाठवायचा असतोय न्हवं?"

"तसं काही नाही. जेवढ्या चुका सापडल्यात तेवढ्या सगळ्या एकदम पाठवता येतात."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "एकेकच पाठवू."

"बऱ्याच आहेत का?"

"लई हायत," ते म्हणाले. पोरीच्या चुका सांगताना इतका सुखावलेला बाप मी दुसरा पाहिलेला नाही.